दिवसातून तीनदा भांडी

भांडी दिवसातून कितीदा घासावीत म्हणून मला काय विचारता? अगं पोरींनो, त्यापायी मी अख्ख्या घराला डोंगर उतरायला लावलाय!

पोलादपूरच्या वर आमची वाडी. पाणी खाली झऱ्यावर, चैत्रात तर हंडा भरायला तास जायचा, नि तो डोक्यावरून वर आणायचो आम्ही बायकाच. म्हणून सासूबाई नि मी सगळी भांडी पाटीत घालून सकाळी एकदाच झऱ्यावर न्यायचो, राखेनं घासायचो. एका साली धाकटे भावजी मुंबईहून रजेवर आले. दुसऱ्याच दिवशी म्हणतात, "वयनी, उष्टी भांडी अशी पडून ऱ्हातात, डर्टी हाय. आमच्या मुंबयला जेवलं की लगीच धुतात."

मामंजी, म्हणजे माझे सासरे, हुकूम सोडून मोकळे, "आजपासून तीनदा घासायची!"

"बरं," म्हटलं. ताटं-वाट्या पाटीत भरून झऱ्यावर नेल्या. भाकऱ्या नि कालवणही तिकडंच नेलं. दुपारी वरून हाका सुरू झाल्या, "जेवायला वाढ गो!"

सासऱ्यांपुढं तोंड उघडायची तेव्हा सोय नव्हती. तरी मी ओरडले, "खाली या! ताटं पाण्याजवळ हायत. जेवलात की लगीच धुते!"

सगळे आले की! भूक लागल्यावर करतात काय? परत चढताना उन्हात भावजींची जीभ बाहेर आली. रात्रीच्या जेवणाला पुन्हा उतरायला नको म्हणून संध्याकाळी मामंजींनी ती पाटी स्वतः डोक्यावरून वर आणली नि दारात आदळली. धापा टाकत म्हणाले, "एकदाच घासा."

मी म्हटलं, "मामंजी, ही तर नुसती भांडी. भरलेले हंडे अजून खालीच हायत."