लेडीज सायकल

—आयकलं जी, आयकलं मी, बहिरा थोडी हावो. तुमी बोला, माझे हात चालू राहू द्या, हात थांबले का मले आजकाल काही सुचत नाही. बसा ना जवाईबापू, त्या टायरांवर बसा, उभे काहून? चहा सांगतला हाय समोरच्या हॉटेलात. तं तुमी म्हनता का शोभाचं वर्ष झालं, आता लहानीले द्या, सिंधूले. बरोबर हाय. रीतच हाय आपल्यात — मोठी गेली का लहानीले देतेत, लेकराले मावशीच माय होते. तुमच्या मातोश्रीचा निरोप आला तवाच समजलो मी. सांगतो, सांगतो, पन आधी हे पाहा — वळखली का सायकल? हो, तीच. बहात्तरच्या सालात लग्नात आंदन देल्ली होती शोभाले, अन् ती गेल्यावर तुमच्याच घरून बैलगाडीत वापस आली. वर्षभर भिंतीले लावून ठेवली, पाहावतच नव्हतं. आता काढली दुरुस्तीले.

गंज वरवरचा हाय. आतलं पोलाद पाहा, सरळ हाय अजून. एका मास्तरीनबाईची जुनी फ्रेम होती, शोभाच्या कॉलेजसाठी मीच घासली, मीच रंगवली; चाकं मंग नवी भरली — पोरीचं लग्न होतं ना. शोभा म्हने, बाबा, हिरवा रंग द्या. देल्ला. कॉलेजातून येई तं इतवारीच्या कोपऱ्यावरूनच घंटी वाजवे, अन् आत तिची माय तवा ठेवे, का पोळी गरम भेटली पाहिजे पोरीले. परवा मी ही घंटी साफ केली, तेल टाकलं, सहज वाजवून पाहिली — तं आतून तवा ठेवल्याचा आवाज आला. मंग काहीच आवाज नाही. आत जाऊन पाहाची हिंमत नाही झाली माझी, इथंच बसून रायलो.

मुठीवर ही खपली पाहा, रॉकेलनंही निघत नाही. हळद-कुंकू हाय. दर दसऱ्याले तुमच्या घरी पूजा होये — औताची, विळ्याची, अन् सायकलची. चांगली गोष्ट हाय, नाही म्हनत नाही. पूजा केली, झेंडूचा हार घातला, अन् पुन्हा गोठ्यात. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतेत ना, ते अजून तसेच उभे हायेत. घरातली सून सायकलवर बसली तं गाव हासते, असं शोभा सांगे. तुमी म्हनले तं ती बसली नाही. मी भी काही बोललो नाही, सून तुमची होती.

घ्या ना चहा, आला. साखर कमी हाय का? बरं... तं ट्यूब. ट्यूबचं सांगून रायलो होतो का मी? नाही? मंग राहू द्या. नाही — आता निघालंच तोंडातून. त्या दिवशी सकाळी शोभाले कळा सुरू झाल्या, बैलगाडी बाजाराले गेली होती, सुईन म्हने माझ्यानं होत नाही, दवाखान्यातल्या नर्सबाईले आना. अन् तुमी पायी गेले. दोन कोस जानं, दोन कोस येनं. तुमी येईपर्यंत लेकरू रडत होतं अन् माझी शोभा थंड पडली होती. मी तुमाले तिथंच, सरनापाशी, इचारलं — सायकल होती ना जी घरी? तुमी म्हनले, मामाजी, पंचर होती. मी मान हालवली. सायकलवाल्याले पंचर समजवा लागत नाही. वर्षभर मी माझ्याच हातानं भरलेल्या चाकाले शिव्या देत रायलो.

मागच्या हप्त्यात ट्यूबा काढल्या, हवा भरली, त्या घमेल्यात बुडवल्या. एक बुडबुडा नाही. उलट्या केल्या, ताणल्या, पुन्हा बुडवल्या — नाही. हवा उतरली होती, बस. अन् पंप तिथंच सीटखाली अडकवलेला होता, मीच अडकवला होता, तसाच वापस आला. हे मले बोलाचं नव्हतं. ठरवलं होतं का सिंधू शिकून रायली असं सांगू, चहा पाजू, रवाना करू. पन मले एक सांगा — लेडीज होती म्हनून ना? समोर दांडी नाही, मानूस तिच्यावर बसला तं चावडीवरचे लोक हासतेत, म्हनून ना? आत माझी पोरगी मरून रायली अन् तुमी हासन कोनी म्हनून... नका पाहू खाली. बोला ना. पंचर होती म्हना पुन्हा, मी मानतो. मले मानाचं हाय जी, खरंच मानाचं हाय.

बरं. तो कप ठेवा खाली, चहा थंड झाला.

सिंधू देत नाही मी. ही सायकल तिची हाय आता, सोमवारपासून बर्डीवर कॉलेजले हिच्यावरच जाईन. अन् हे समोर वेताचं खुर्चीवाणी लावलं ना, ते नातीसाठी — आनून द्या तिले, आम्ही वाढवतो, तिची मावशी फिरवन तिले, घंटी वाजवन... नाही आनत? सिंधू भेटली तरच लेकरू भेटन? हं. वाटलंच होतं. माझी छाती फाटून रायली जवाईबापू, नातीचं तोंड मी बारशालेच पाहिलं ते पाहिलं. पन नाही म्हंजे नाही.

निघा आता. बस सुटन तुमची. मोटर स्टँड दूर हाय, सायकल देल्ली असती — पन लेडीज हाय. पायीच जा.