सशाचं वजन

वेणूबाई : अन् ही गुलाबी लव कशाची? चादरीवर, उशीवर, तुह्या केसात. नवव्या मजल्यावर मांजर आनलं का कोनी?

उत्कर्षा : आई, हळू बोला. मीटिंग चालू आहे माझी.

वेणूबाई : तो लॅपटॉप कवाचा झोपला हाय, दिसते मले. उशीखाली काय हाय?

उत्कर्षा : काही नाही.

वेणूबाई : काही नाहीले कान कवापासून आले?

उत्कर्षा : ससा आहे. प्लशचं कापड मागवलं होतं ऑनलाइन. हात लावून बघा, किती मऊ आहे. कॅमेरा ऑफ करून शिवते, ऑफिसात कुणाला कळत नाही.

वेणूबाई : ससा म्हनतं याले? कान तं गाढवाचे दिसते.

उत्कर्षा : तुम्ही शिवून दाखवा आडवं पडून. पायांखाली तीन उशा, डोळ्यांसमोर पंखा. कापड उलटं शिवायचं, मग सुलटं करायचं. एक कान आतच अडकला होता, अर्धा तास पेन्सिलीने ढकलत होते.

वेणूबाई : दे इकडं. माळ्यावर ठेवून देते. योगेशले काही सांगत नाही. माहा लेक असला तरी त्याच्या पोटात काही राहत नाही.

उत्कर्षा : द्या तो परत.

वेणूबाई : लेकरू यायच्या आधी लेकराचं काही शिवत नसते, पोरी. टोपडं नाही, दुपटं नाही, खेळनं तं नाहीच. मी सासू म्हनून नाही बोलत. बाविसावा हप्ता लागला तुले. मागचीबी बाविसाव्यातच गेली. डॉक्टरीन बाईनं उठू नोको म्हनलं ते काय उगीच?

उत्कर्षा : मी कुठे उठते? बाथरूमपर्यंत अकरा पावलं, तेवढंच माझं पुणं, तेवढीच माझी खराडी. बाकी दिवसभर समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी. सहा आठवडे झाले. कोणतं कबूतर कोणत्या पाइपवर बसतं, सगळं पाठ झालंय.

वेणूबाई : अन् मी कुठं हिंडून ऱ्हायली? लिफ्टमधी एकटी गेली तं कोनतं बटन दाबावं समजत नाही. खाली जाऊन तुयशीले पानी घालावं म्हनते, तं कोनी ओयखीचं नाही. मीबी तुह्यासंगंच टांगलेली हाय इथं. म्हनून म्हनते, आता भलतंसलतं नोको करू.

उत्कर्षा : आई, हा येणाऱ्या बाळाचा नाहीये.

वेणूबाई : मंग कोनाचा?

उत्कर्षा : तिचा. गेलेलीचा. बसा ना. उभ्या का राहिलात? हॉस्पिटलच्या फाइलमध्ये एकच ओळ आहे तिच्याबद्दल. मुलगी, चारशे दहा ग्रॅम. चारशे दहा ग्रॅम म्हणजे हातात किती, मला नाही माहीत. मी घेतलंच नाही तिला. तुम्ही घेतलं होतं.

वेणूबाई : ते कायले काढतं आता.

उत्कर्षा : नर्स विचारत होती, आईला दाखवायचं का. तुम्ही म्हणालात, दाखवू नका. मी शुद्धीत होते. ऐकत होते सगळं.

वेणूबाई : मले वाटलं, डोयानं पाह्यलं नाही तं माया लागत नाही.

उत्कर्षा : न बघताच लागली.

वेणूबाई : हो. दिसते ना मले. अन् मी एकटीनं पाह्यलं, तं ते एकट्या मलेच दिसते. पोया लाटताना दिसते. हे कोनाले सांगावं? योगेशले सांगावं का?

उत्कर्षा : मला सांगा. मला द्या त्यातलं थोडं.

वेणूबाई : तुह्या पोटात जीव हाय आता. त्याले काही झालं तं?

उत्कर्षा : मीपण घाबरते, आई. पण पोटावर हात ठेवला की मला कळतच नाही, मी कुणाशी बोलतेय. हे बाळ की ती. तिला एकदा हातात घेतल्याशिवाय खाली कशी ठेवू?

वेणूबाई : ...कशानं भरतं हा ससा?

उत्कर्षा : कापूस भरला, तर पिसासारखा हलका झाला. आत तांदूळ घालायचेत. पाठीची शिवण चार बोटं उघडी ठेवलीय बघा. ओट्यावरचा तो वजनकाटा आणाल? आणि तांदळाचा डबा.

(वेणूबाई डबा घेऊन येतात. काटा आणत नाहीत.)

उत्कर्षा : काटा?

वेणूबाई : काट्यानं घेतलं होतं का तिले? जराशी बोलू नोको. मूठ मूठ टाक, मी धरते.

उत्कर्षा : डोळे का मिटलेत?

वेणूबाई : हाताले विचारून ऱ्हायली. टाक. अजून टाक. अजून एक मूठ. नाही, हे लई झालं. अर्धी मूठ काढ.

उत्कर्षा : आता?

वेणूबाई : पायाकडून हलकी होती. डोक्याकडं सरकव थोडे दाने. हां. आता हाय. एवढीच होती, माय. एवढीच.

उत्कर्षा : केस होते तिला?

वेणूबाई : केस नव्हते. भुवया होत्या, पेन्सिलीनं काढल्यावानी. बोटं लांब, योगेशसारखे. तिचा हात माह्या अंगठ्याले लागला, तं मले वाटलं धरते आता. धरला नाही.

उत्कर्षा : द्या इकडे.

वेणूबाई : थांब, टाके घालू दे. दाने सांडतीन सगळ्या गादीवर.

उत्कर्षा : सांडू देत. आधी द्या.

वेणूबाई : घे. असं नाही, उत्कर्षा. मानेखाली हात धर.