शेवटचं रीळ

नाही, नाही, बूट बाहेरच. शैलेंद्रच्या ऑफिसातून आलात म्हणून बुटांना या घरात मुभा नाही. हं, आता कसं! बसा त्या खुर्चीवर — सोफ्यावर नव्हे, तिथे इस्त्रीचे कपडे आहेत. झुबेर म्हणालात ना? राजापूरचे? मग सरळ मराठीत बोला की. 'आंटी, पार्सल लाया हूँ' हे कशासाठी? मी शैलेंद्रची आई आहे, आंटी मी कुणाचीच नाही. द्या इकडे. आलं म्हणायचं एकदाचं! विलायतेहून बोटीने निघालं असतं तरी याआधी पोहोचलं असतं. शैलेंद्र? तो ऑफिसातच आहे — दुसरीकडे कुठे असणार या वेळी? असे काय बघता? ... हो. तुम्ही ऑफिसातूनच आलात, नाही का. बरोबर. मग साइटवर असेल. साइटवर जावं लागतं त्याला. चहा टाकते. नको? नको कसा? दारी आलेला माणूस चहाला नको म्हणतो, ही तुमच्या दुबईची नवी रीत दिसते.

यात काय आहे ते विचारा ना. सिनेमा आहे! तोही असा, की ज्यांनी काढला त्या इंग्रजांनीसुद्धा पाहिला नाही. एक आठवडा चालला म्हणे, एकोणीसशे एकाहत्तर साली, आणि मग पडला कुणाच्या तरी गॅरेजात, गवत कापायच्या यंत्राखाली. आता कुणा विद्वानाला तो सापडतो, तो त्याची बुरशी पुसतो, चकचकीत डबीत घालतो, सोबत एक पुस्तिका — छत्तीस पानांची प्रस्तावना, आमच्या मॅट्रिकच्या पाठ्यपुस्तकालाही एवढी नव्हती — आणि आमचे चिरंजीव अल बर्शातल्या या दोन खोल्यांत बसून म्हणतात, "आई, हा कल्ट आहे." मी म्हटलं, आमच्या काळी याला पडेल सिनेमा म्हणत. ते कपाट पाहा — शंभरावर असतील. एकात अख्खं गाव घड्याळाला घाबरतं. एकात पाद्रीबुवा सायकलीशी लग्न लावतात. दिग्दर्शकाला काय सांगायचं आहे ते त्याला ठाऊक नाही, नटांना ठाऊक नाही, फक्त प्रस्तावनाकाराला ठाऊक! इंग्रजी मात्र स्वच्छ, तेवढं कबूल करते. एकेक शब्द चावून, पूर्ण करून बोलतात. नाहीतर आमची ईशानी — "आजी, चिल." वाक्य संपलं.

मी? मी कशाला बघते! त्याच्या सोबतीला बसते, इतकंच. हातात शेंगा सोलायला असतात. म्हणजे — सुटीच्या दिवशी. शुक्रवारी.

आता हा जो आहे ना, हा त्यातल्या त्यात बरा. एक स्टेशनमास्तर असतो, खेड्यातला. सरकार म्हणतं, या मार्गावर गाडी परवडत नाही, स्टेशन बंद. रूळही उखडून नेतात. पण हा गृहस्थ घरी सांगत नाही. रोज सकाळी उठतो, दाढी करतो, बायको डबा भरून देते, हा टाय नीट करतो, लिफ्टच्या आरशात बघतो, मेट्रोच्या पुलावरून पलीकडे मॉलमध्ये जाऊन बसतो, आणि बायको एकदा कामावर गेली की साडेदहाला परत — ...

नाही. मेट्रो नाही. इंग्लंडच्या खेड्यात कुठली मेट्रो! तो स्टेशनात जातो. गवतात उभा राहून हिरवं निशाण दाखवतो. तेच म्हणत होते मी.

झुबेर, मान खाली घालू नका. मान खाली घातलेल्या माणसाशी बोलायची मला सवय नाही. 'अनपेड लीव्ह' म्हणतात ना तुमच्याकडे? मॅट्रिकला इंग्रजीत वर्गात पहिली होते मी. 'लीव्ह' म्हणजे रजा, आणि रजा माणूस स्वतः अर्ज करून मागतो. ही कसली रजा, जी साहेब देतो आणि वर व्हिसा चालू ठेवला म्हणून उपकार मोजतो? ... मला कुणी सांगितलं? कुणीच नाही; दोन खोल्यांत फोनवरचं बोलणं कानावर पडतंच. मार्चमध्ये एक दिवस साडेदहाला दार उघडलं, हा समोर उभा — टाय लावलेला, डबा तसाच भरलेला. मी काही विचारलं नाही. तो काही बोलला नाही. आत आला, बूट काढले — बाहेर, दारातच, त्याला वळण आहे — आणि त्याने एक सिनेमा लावला. मी शेंगा घेऊन बसले. तेव्हापासून रोज. दुपारी दोघं त्याचाच डबा अर्धा-अर्धा खातो, आणि शुभ्राच्या यायच्या वेळेला हा पुन्हा टाय लावून खाली जातो, अंधार पडला की वर येतो. "आई, फार दमलो आज." मी म्हणते, दमणारच.

शुभ्राला? छे, छे! तिला कळता कामा नये. सून गुणी आहे, पण ताठ आहे. त्याचं जे काय उरलंय ते तिच्या डोळ्यांत उरलंय — ते गेलं तर मग सिनेमा लावूनही भागायचं नाही. आज फुजैराला गेलाय मुलाखतीला, तेलाच्या टर्मिनलवर. मला म्हणाला साइट. निळा शर्ट घालून कोण जातं साइटवर?

हां, तर गोष्ट राहिली. आमच्याकडे होती ती प्रत तुटकी. बायको एक दिवस स्टेशनाकडे यायला निघते, डोंगर उतरते — आणि पडदा काळा. शेवटचं रीळ हरवलेलं! तिला कळतं की नाही? ती त्याला काय म्हणते? शैलेंद्र म्हणाला, काही फरक पडत नाही, आई. मला पडतो. मग कळलं, ते रीळ सापडलं, नवी आवृत्ती निघाली. ईशानी सुटीला पुण्याला जाण्याआधी तिच्याकडून कॉम्प्युटरवर मागवलं. पत्ता काय देऊ, म्हणाली. इथे पोस्टमन कुठे दारी येतो? दिवाळी अंक म्हणा, लग्नपत्रिका म्हणा, सगळं आजवर तुमच्या ऑफिसच्या पोस्टाच्या पेटीतच आलं. त्याच पेटीचा नंबर दिला. चुकून? ... चुकून नव्हे. म्हटलं, पेटीत त्याच्या नावाचं काहीतरी पडू दे. कुणीतरी नाव वाचेल. कुणाला तरी आठवेल की हा माणूस अजून आहे. पडेल सिनेमे पुसून-झाडून परत बाजारात आणतात लोक, आणि माझा शैलेंद्र —

असो. एवढं बोलले, तुम्ही साधं पाणीही — अरे देवा. आज पहिला रोजा! तरी म्हटलं, राजापूरचा माणूस चहा का नाकारतो. माफ करा हं. म्हणून तुमचं ऑफिस लवकर सुटलं. म्हणजे रमजान लागला, आज सगळ्यांचीच ऑफिसं दोन तास आधी... म्हणजे शुभ्राचंही...

किल्लीचा आवाज आला ना? ऐका, तुम्ही एसीवाले आहात. एसी बघायला आलात. पार्सल त्या कपड्यांखाली — लवकर, यल्ला!

आलीस? हे एसी बघायला आलेत. गळत होता ना मघाशी — काय म्हणालीस? झुबेरभाई? तू यांना — ओळखतेस?

कधीपासून?

पहिल्या दिवसापासून. यांनीच फोन केला तुला, त्याच संध्याकाळी.

आणि तरी रोज डबा भरतेस. टाय इस्त्री करून ठेवतेस. एरवी खालून एकदा फोन करून मगच वर येतेस, आज तो फुजैराला म्हणून नाही केलास — मला वाटायचं, भाजी विचारायला.

...

उठा, झुबेर. कपड्यांखालचं पार्सल काढा आणि परत न्या. हो, परत. उद्या सकाळी शैलेंद्रला फोन करा, म्हणा, तुझ्या नावाचं आलंय, ऑफिसात येऊन घेऊन जा. खाली रस्त्यावर देऊ नका. वर बोलवा, चार लोकांसमोर हातात द्या. चहा देता येत नसेल तर खुर्ची तरी द्या. इथे तुम्ही आला नव्हतात. मला काही ठाऊक नाही आणि हिलाही नाही.

बघू, बघू शेवट तो घेऊन आला की, एवढी काय घाई आहे. शुभ्रा, तू आधी पाय धुऊन ये.

बूट बाहेर जाऊन घाला. दार ओढून घ्या.