काचेच्या अलीकडे

अतिदक्षता विभागाच्या दाराशी एक शास्त्रज्ञ आणि त्यांची बायको बसली होती. शेजारच्या बाकावरच्या शिक्षिकेला सगळं ऐकू येत होतं.

"मास्क लावा नि आत जा. लेक तुम्हाला विचारतेय," बायको म्हणाली.

"सर्दी झालीय मला. तिला बाधेल."

"डॉक्टरच म्हणाले, आता जाऊ दे त्यांना."

"कालपर्यंत तेच अडवत होते. आजच का?"

"ते मला विचारू नका. मंगळावर ओल सापडली, तेव्हाही तिकडे जाणारं यान तुम्हीच अडवलंत."

"यानावर आपले जंतू होते. तिथं काही जिवंत असतं तर मेलं असतं."

"म्हणून जन्मभर लांबूनच बघत बसलात."

"ते बरोबरच होतं."

"असेल. पण ही उद्यापर्यंत थांबायची नाही."

शास्त्रज्ञ उठले, बेसिनपाशी जाऊन हात धुऊ लागले. धूतच राहिले.

"अहो, पुरे. नळ बंद करा."