गिरणीचा भोंगा

बसथांब्यामागे नवीच दगडी पाटी बसवली होती. तिच्यासमोर दोन म्हाताऱ्या बहिणी उभ्या होत्या. ड्यूटी संपवून रांगेत उभी असलेली नर्स दमली होती, पण तिचे कान त्यांच्याकडेच लागले.

"ताई, मोठ्यानं वाच ना. माझा चष्मा घरी राहिला."

"'महापुराच्या रात्री गिरणीच्या पहारेकऱ्याने प्रसंगावधान राखून भोंगा वाजवला व सारी वस्ती वाचवली.'"

"पहारेकरी म्हणजे आपले बाबा!"

"मग दुसरं कोण?"

"अगं, पण बाबा तर ढाराढूर झोपले होते!"

"हळू बोल!"

"पाणी दाराशी आलं तरी घोरत होते. भोंग्याची दोरी मी ओढली, तुझ्या खांद्यावर चढून."

"खांदा अजून दुखतो माझा."

"आणि दचकून उठले, ते आपल्यालाच ओरडले!"

"मग पाणी दिसलं, तशी आपल्याला कवटाळून रडायलाच लागले. त्यांची नोकरी जाईल म्हणून आपण गप्प बसलो."

"आता सांगायचं का कुणाला? पाटी बदलतील."

"बदलतील कशाला? दोन-दोन पाळ्या करून वाढवलं त्यांनी आपल्याला. जन्मात कुणी शाबास म्हटलं नाही."

"राहू दे मग. शोभतात बाबा दगडावर!"

दोघी खुदुखुदु हसल्या. मग ताईनं नर्सपुढे फोन धरला.

"बाळ, आमचा फोटो काढतेस? पाटी नीट येऊ दे हं. आमचे वडील आहेत."

"काढते की. आणि त्या रात्री तुम्ही दोघी कुठे होता, आजी?"

"आम्ही? आम्ही झोपलो होतो गं!"