धीराची बाई

परात पडली तशी मी दचकून ताटावरून उठलेच, पण आईनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. मी तर कुकरच्या शिट्टीलाही दचकते. आई मात्र मुरुडला पिठाची गिरणी चालवते. वरातीत शेजारी फटाका फुटला तरी हलत नाही. "लई धीराची बाई," असं सगळी गल्ली म्हणायची. मला मात्र त्या दिवशी शंका आली. पाठीमागून हाक मारली, "आई!" ती भाकरी थापतच राहिली. समोर गेले, तेव्हा माझे ओठ बघून म्हणाली, "काय गं?"

लातूरला तपासलं. गिरणीच्या आवाजानं कान अधू झाले होते, आणि ही ओठ वाचून गिऱ्हाईक सांभाळत होती! मला रडू आलं. आई म्हणाली, "डोळ्याला चष्मा, तसं कानाला मशीन. त्यात काय हाय?"

मशीन लावून आली ती थेट गिरणीत. दळण घेऊन आलेल्या बायांना कान दाखवत म्हणाली, "आजवर ऐकू येत न्हवतं. आता माझ्या माघारी जपून बोला!"

संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून हळूच म्हटलं, "आई."

ती एवढी दचकली, की हातातला चहा सांडला. "वरडतीस कशाला? हाय की मी हितंच!"