तारखेहून परतताना

लोहाऱ्याच्या एसटीत चंद्रप्रभाबाईंनी पुस्तक उघडलं खरं, पण पान काही उलटेना. पुढच्या सीटवर सासू-सून बोलत होत्या. घरातला माणूस अपघातात गेला, त्याच्या भरपाईची तारीख करून दोघी धाराशिवहून परतत होत्या.

"वैष्णवी, त्या विमावाल्या वकिलानं तुला काय इचारलं गं?"

"ह्यांनी हेल्मेट घातलं व्हतं का, म्हणून."

"आन् उसाच्या ट्रॉलीला मागं लाईट न्हवता, ते न्हाय इचारलं?"

"न्हाय. आत्या, आपले वकील म्हणत व्हते, निकाल लागोस्तर माझ्या दुसऱ्या लग्नाचं नाव काढू नका. केसला आडवं येतं म्हणं."

"निकाल कवा लागंल?"

"त्यांनाबी ठाव न्हाय."

"मग ढोकीच्या पाव्हण्यांना आजच होकार कळवू."

"आन् केस?"

"लेक माझा व्हता. केस म्या लढीन."

"एकट्या कशा जाताल तारखेला? गुडघं धड हायती का तुमचं?"



"तुझा नवा नवरा नेईल की मला गाडीवर. फकस्त त्याला आत्ताच सांगून ठेव, हेल्मेट घालायचं."